तारलीला तेल कधी सुटतं? किनाऱ्यावरच्या जाणकारांनी सांगा

सुरंगी
मंडळी, एक प्रश्न आहे. नारळी पौर्णिमेनंतर देवगडच्या बाजारातून तारली आणली. ताजी होती, डोळे स्वच्छ, कल्ले लालभडक. तव्यावर टाकली तर वरून तेल घालावं लागलं, तरी मासा कोरडाच. हीच तारली दिवाळीच्या आसपास आणली की तव्यात तिचंच तेल सुटतं आणि काटाही मऊ लागतो. मासेवाली तीच, बाजार तोच. मग ही दुसरी जात आहे का? की समुद्रातच काही बिघडलंय? सासरे म्हणतात की आता पूर्वीची तारली राहिली नाही. मला नीट समजून घ्यायचंय: हा मासा खातो काय, अंडी कधी घालतो, जगतो किती? पुस्तकी माहिती चालेल, अनुभवाची जास्त आवडेल.

वाटा_शंभरचा
दिवाळीपर्यंत सौंदाळे खा. तारली कुठे पळून जात नाही :)

रापणीचो_दोर
सुरंगी, ह्या काय नवीन नाय. पावसातली तारली आमच्याकडे कोण आवडीन खाईत नाय. घटस्थापना झाली की मगे तिका चव येता. तवसर ती सुकी, तव्यार टाकलंस तर करपतली.

बाकीचं सगळ्यांना कळेल असं लिहितो. आम्ही रापणीचे, म्हणजे होडीने पसरून किनाऱ्यावरून दोरांनी ओढायच्या मोठ्या जाळ्याचे. ऑगस्टात दर्या जरा शांत झाला की रापण पडते. पहिल्या रापणींना मोठी तारली मिळते, पण पोटाला चपटी. दसऱ्यापासून येते ती पाठीला जाड. जाळ्यातून काढताना हाताला तेल लागतं, साबणानेही लवकर जात नाही. जात एकच, हे मी खात्रीने सांगतो. तारलीसारखे दिसणारे पेडवे वेगळे.

प्लवंग
रापणीकाकांचं बरोबर आहे. मी रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले, तारलीवर थोडं कामही केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मासा तोच, शास्त्रीय नाव सार्डिनेला लाँजिसेप्स. फरक पडतो तो वर्षातल्या वेळेमुळे. तारली पावसाळ्यात अंडी घालते, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, आणि जोर असतो जून ते ऑगस्टमध्ये. त्याआधी अंगात साठवलेली चरबी गाभोळी, म्हणजे पोटातली अंड्यांची पिशवी, तयार करण्यात खर्ची पडते. म्हणजे पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठल्यावर ऑगस्टात जी मोठी तारली मिळते ती बहुतेक अंडी घालून रिकामी झालेली असते. अशा माशात चरबी अगदी दोन-तीन टक्क्यांवर आलेली असू शकते. मग ती अधाशासारखी खाते आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तीच चरबी १५ टक्क्यांच्या वर जाते. सुरंगीताई, तुमच्या तव्यावर दिसला तो हाच फरक.

आता खाणं. लहानपणी तारली बारीक प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी खाते. मोठी झाली की मुख्य खाणं डायटम, म्हणजे काचेसारखं कवच असलेलं एकपेशीय शेवाळ. त्यातही फ्रॅजिलेरिया नावाचा डायटम तिच्या पोटात फार सापडतो. जोडीला कोपेपॉड वगैरे प्राणिप्लवक असतातच. तोंड उघडं ठेवून ती पोहते, पाणी कल्ल्यांतून बाहेर जातं आणि आत अडकतं ते अन्न. एकदा मोठ्या तारलीच्या कल्ल्याचं झाकण उचलून बघा. लाल झालरीच्या विरुद्ध बाजूला, तोंडाकडे, बारीक पांढरट काड्यांची इतकी दाट रांग दिसेल की पिठाची चाळण आठवावी. मोठ्या माशात एका कमानीच्या नुसत्या खालच्या भागावर या काड्या दीडशेच्या वर असतात. बांगड्याचं तोंड उघडून शेजारी ठेवा, त्याच्या काड्या लांब असतात पण इतक्या दाट नाहीत. वनस्पती पचवायची म्हणून तारलीचं आतडंही लांब, वेटोळ्यांचं असतं.

मांदेलीप्रेमी
अलिबागहून हजेरी. आमच्याकडे तारलीला फारसा मान नाही, मांदेली आणि बोंबील असताना तारली कोण घेतो! पण धागा वाचनीय आहे, चालू द्या.

वाटा_शंभरचा
@मांदेलीप्रेमी, ज्याला मान नाही त्याचा भाव कमी, आणि ज्याचा भाव कमी ते आमच्या ताटात जास्त. अलिबागकरांनी असंच राहावं ही प्रार्थना.

कांदळवन
प्लवंगताई, पावसाळ्यातच अंडी का? समुद्र खवळलेला असतो, नद्यांचं गढूळ पाणी येतं. पिल्लांसाठी ही सगळ्यात वाईट वेळ नाही का?

दक्षिणवारा
@कांदळवन, वरून बघितलं तर वाईट, खालून बघितलं तर उत्तम. समुद्रविज्ञान हा माझा कामाचा विषय आहे, म्हणून हे मी घेतो.

पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्याला समांतर, दक्षिणेकडे ढकलणारा वाऱ्याचा रेटा असतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून बाहेर सरकतं आणि त्याची जागा भरायला खोलातलं थंड पाणी वर येतं. त्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट भरपूर असतं. डायटमला कवचासाठी सिलिकेट लागतंच. ऊन थोडं मिळालं की डायटमची वाढ झपाट्याने होते. तारलीची पिल्लं जन्माला येतात ती या जेवणावळीच्या तोंडावर. अंडी साधारण सव्वा मिलिमीटरची, पारदर्शक, तरंगणारी. आपला समुद्र एकंदर उबदारच असल्याने एका दिवसात फुटतात. जवळचा पिवळा बलक दोन-तीन दिवसांत संपतो, आणि त्यानंतर लगेच तोंडाशी खाणं आलं नाही तर पिल्लू मरतं.

हे पाणी वर येणं केरळच्या दक्षिणेला सगळ्यात जोरदार, कर्नाटकात कमी, आपल्याकडे आणखी मंद. म्हणून तारलीचं मुख्य घर पूर्वीपासून कोल्लम ते रत्नागिरी या पट्ट्यात मानलं गेलंय, आणि आपण त्या घराच्या उत्तरेच्या उंबऱ्यावर आहोत. रत्नागिरीच्या वर तारली मिळत नाही असं नाही, पण मालवण-वेंगुर्ल्याइतका भरवसा नाही. मांदेलीप्रेमी, तुमच्याकडे तिला मान नसण्याचं मूळ इथेही असेल.

यात एक वाईट बाजूही आहे. खोलातलं पाणी प्राणवायूने कमी असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोवा आणि आसपासच्या किनाऱ्यालगत तळाच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ संपतो. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने यावर वर्षानुवर्षं मोजमाप केलंय. मग मासे वरच्या थरात आणि किनाऱ्याकडे दाटीने येतात.

रापणीचो_दोर
दक्षिणवारा, हे वाचून बरं वाटलं. आमच्या आजोबांच्या वेळेपासून सगळे म्हणतात की पाणी गार लागलं की मासा कडेला येतो. पाय पाण्यात घातला की कळतं. का येतो ते आज समजलं.

तिखलं_आणि_भाकरी
एवढं शास्त्र झालं, आता स्वयंपाकघरात या. तेल असलेल्या तारलीचं तिखलं असं करा:

खवले काढा, डोकं आणि पोटाची कडा कापून टाका, आतलं साफ करून धुवा. मीठ-हळद लावून पंधरा मिनिटं ठेवा. पसरट भांड्यात बारीक चिरलेला कांदा, घरचा मालवणी मसाला, आमसुलं, जरासं खोबरेल आणि ठेचलेली तिरफळं एकत्र हाताने कुस्करा. तिरफळातलं काळं बी काढलेलं हवं. त्यात मासे लावा, वाटीभर पाणी घाला, झाकण ठेवून मंद आचेवर शिजवा. चमचा घालू नका, भांडं धरून हलवा. पाणी आटून कडेला लाल तेल दिसलं की उतरवा. नारळ नको. दुसऱ्या दिवशी आणखी चांगलं लागतं.

ऑगस्टातल्या कोरड्या तारलीला हे जमत नाही. तिला ओल्या खोबऱ्याच्या वाटणाची आमटी बरी, किंवा केळीच्या पानात गुंडाळून भाजा.

सुरंगी
तिखलंताई, तिरफळ किती? माझ्याकडून नेहमी जास्त पडतं.

तिखलं_आणि_भाकरी
आठ-दहा माशांना सहा-सात तिरफळं पुरे. ताजी हिरवी असतील तर चार.

पागोळी
विषय थोडा वेगळा, पण महत्त्वाचा. गेल्या वर्षी बाहेर जेवताना तारली फ्राय खाल्ली. अर्ध्या तासात तोंड लाल, अंगावर गांधी उठल्या, डोकं ठणकलं. घरच्यांनी सांगितलं की तुला माशाची ॲलर्जी झाली, आता मासे बंद. पण त्यानंतर बांगडा खाल्ला, काही झालं नाही. असं कसं?

दवाखाना_गल्लीतला
पागोळी, तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण वर्णन हिस्टामीनच्या विषबाधेसारखं आहे. तारली, बांगडा, गेदर अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा बर्फाशिवाय उन्हात पडून राहिला की जीवाणू त्याचं हिस्टामीन करतात. ॲलर्जीत शरीर स्वतःच हिस्टामीन सोडतं, इथे ते माशातूनच पोटात जातं, म्हणून लक्षणं सारखी दिसतात. आणि एकदा तयार झालेलं हिस्टामीन तळून, उकळून जात नाही. माशाला वास येतोच असंही नाही.

त्यामुळे तारली घेताना ती बर्फात आहे का ते बघा. घरी आणली की साफ करून लगेच फ्रीजमध्ये. श्वासाला त्रास, ओठ-जीभ सुजणं असं काही असेल तर मात्र घरी थांबू नका, तडक दवाखाना. आणि मासे कायमचे बंद करण्याआधी ॲलर्जीची तपासणी करून घ्या. ज्यांना युरिक ॲसिडचा त्रास आहे त्यांनी तारली जपून खावी, बाकी सगळ्यांसाठी हा स्वस्तातला उत्तम मासा आहे. ओमेगा-३, ड जीवनसत्त्व, आणि बारीक काट्यांसकट खाल्ली तर कॅल्शियम.

पागोळी
खूप धन्यवाद डॉक्टर. आईला हे वाचून दाखवते.

कुरव
मला थव्याबद्दल विचारायचंय. आचऱ्याच्या किनाऱ्यावरून एकदा पाण्यात काळपट डाग सरकताना पाहिला, वर सुरय पक्षी सूर मारत होते. डाग अचानक वळायचा, सगळा एकदम. इतक्या हजारो माशांना कोण सांगतं कुठे वळायचं?

प्लवंग
कुरव, पुढारी कोणी नसतो. प्रत्येक मासा फक्त शेजारच्या काही माशांवर लक्ष ठेवतो. शेजारी वळला की वळायचं, फार जवळ आला की सरकायचं, लांब गेला की गाठायचं. एवढ्यावर सगळा थवा चालतो. मुख्य काम डोळ्यांचं, म्हणून काळोखात थवे सैल होतात आणि उजाडलं की पुन्हा बांधले जातात. ऐकूही चांगलं येतं. पोटातल्या हवेच्या पिशवीच्या बारीक नळ्या थेट कानापर्यंत गेलेल्या असतात, त्यामुळे पाण्यातला दाबाचा बदल लगेच कळतो. बहुतेक माशांच्या कुशीवर एक ठळक रेघ असते, पाण्याची हालचाल ओळखणारी. तारलीच्या अंगावर ती नसते, तिचं ते सगळं डोक्यात जमलेलं आहे.

पाठ निळसर हिरवी, पोट चांदीचं, हेही थव्याचंच संरक्षण. वरून बघणाऱ्या पक्ष्याला पाठ पाण्यात मिसळते, खालून येणाऱ्या सुरमईला पोट उजेडात मिसळतं. ती चांदी म्हणजे कातडीतले ग्वानिनचे पातळ स्फटिक. आणि खवले इतके सैल की शत्रूच्या तोंडात नुसते खवले येतात आणि मासा निसटतो. साफ करताना सुरीने जेमतेम घासलं तरी खवले निघतात ना, ते त्याचसाठी.

रापणीचो_दोर
काळोख्या रात्री थवा दिसतो हो. पाणी पेटलेलं असलं की दिसतो. मासा हलला की त्याच्याभोवती पाणी निळं उजळतं, होडीवरून कळतं कुठे किती आहे. चांदण्यात ते दिसत नाही. जुने लोक अमावास्येच्या आगेमागे जाळी घेऊन जात ते उगीच नाही.

दक्षिणवारा
तो उजेड सूक्ष्म प्लवकांचा, नॉक्टिलुका त्यातला एक. हलवलं की ते चमकतात.

पर्ससीनवाल्याचा_पोरगा
सगळं छान चाललंय, पण वर सासऱ्यांचं वाक्य आहे, पूर्वीची तारली राहिली नाही. आता पुढचा प्रतिसाद येणार की पर्ससीनने, म्हणजे बोटीतून थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्याने संपवली. म्हणून आधीच लिहितो. आमची बोट आहे, कर्ज आहे, तीस माणसं तिच्यावर पोट भरतात. तारली कमी-जास्त होणं पर्ससीनच्या आधीपासून चालू आहे. १९४० च्या दशकात मलबारच्या किनाऱ्यावर तारली जवळजवळ नाहीशी झाली होती, तेव्हाच्या मद्रास सरकारने जाळ्यांवर बंधनं घातली होती. तेव्हा कुठे होत्या इंजिनाच्या बोटी?

रापणीचो_दोर
बाळा, तुझ्या घरच्या माणसांवर राग नाही. पण एका पर्ससीनच्या एका फेऱ्यात जेवढा मासा उचलला जातो तेवढा आमच्या रापणीला अख्ख्या मोसमात मिळत नाही. रापणीला मासा स्वतः कडेला यावा लागतो. तुम्ही तो वाटेतच घेता. दोर ओढायला आलेल्या माणसाला, म्हातारीकोतारीला, शाळेतून आलेल्या पोराला रापणीत वाटा मिळतो. तो वाटा बंद झाला याचं दुःख आहे.

पर्ससीनवाल्याचा_पोरगा
काका, ते दुःख खोटं नाही. पण फेब्रुवारी २०१६ च्या शासन निर्णयाने आम्हाला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ दिला. नियम पाळणाऱ्यालाही शिव्या आणि न पाळणाऱ्यालाही त्याच.

कोचीतला_सावंत
मी सावंतवाडीचा, नोकरीनिमित्त कोचीत. इथे तारलीला मत्ती म्हणतात आणि ती नसली तर घरातलं जेवण अडतं. या माशाचं चढणं-पडणं काय असतं ते इथले आकडे सांगतात. २०१२ मध्ये एकट्या केरळात सुमारे ३.९ लाख टन तारली उतरली. २०२१ मध्ये? सुमारे ३,३०० टन. लाख नाही, हजार! नंतर पुन्हा चढली, २०२३ मध्ये लाखाच्या वर गेली.

आणि २०२४ चा प्रकार तर वेगळाच. तारली ढिगाने आली, पण सगळी बोटभर लांबीची, वाढतच नव्हती. भाव कोसळला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या लोकांनी अभ्यास करून सांगितलं की पावसाळा फार अनुकूल गेला, एरवी मरणारी असंख्य पिल्लं जगली, आणि मग खाणाऱ्या तोंडांची गर्दी झाल्याने कोणाचीच वाढ नीट झाली नाही. पर्ससीनवाल्या मित्रा, तुझं अर्धं म्हणणं यातून खरं ठरतं. नुसत्या जाळ्यांवर सगळं ढकलता येत नाही.

प्लवंग
आणि उरलेलं अर्धं मी सांगते, कारण माझ्या मते या धाग्याचा गाभा इथेच आहे.

तारली फार तर अडीच वर्षं जगते. पहिल्या वर्षाच्या आतबाहेर, साधारण १५ सेंटिमीटरची झाली की अंडी घालायला तयार. एका मादीच्या गाभोळीत अंडी हजारोंनी असतात. म्हणजे समुद्रात कोणत्याही वेळी जी तारली आहे ती एक-दोन पावसाळ्यांची संतती आहे. घोळ किंवा वागळीसारखं नाही की एक वर्ष वाईट गेलं तर मागच्या दहा वर्षांचे मासे शिल्लक आहेत. तारलीला मागची शिल्लकच नसते. एक पावसाळा फसला की पुढचा मोसम रिकामा. पाऊस लवकर की उशिरा, पाणी किती गरम, डायटम कधी वाढले, हे आपल्या हातात नाही.

आपल्या हातात एवढंच आहे की त्या पावसाळ्यात जगलेल्या पिल्लांना एकदा तरी अंडी घालू द्यायची. वाईट वर्षानंतर जे थोडे मासे उरतात त्यांच्यावर जाळ्यांचा तोच जोर राहिला तर पडझड खोल जाते आणि सावरायला वेळ लागतो. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आठ-नऊ सेंटिमीटरची तारली टनाने उचलून फिशमीलला जाते तेव्हा मला खरोखर पोटात तुटतं. एक किलो माशाच्या कुटीसाठी चार-पाच किलो ओला मासा लागतो. तीच तारली वर्षभराने १५-१६ सेंटिमीटरची होऊन वजनाने कितीतरी पट भरली असती, अंडी घालून गेली असती, माणसाच्या ताटात आली असती. पर्ससीन असो की रापण, बारीक मासा सोडण्याचा प्रश्न दोघांनाही लागू आहे.

रापणीचो_दोर
मान्य. रापणीतही बारीक येतो. आम्ही हल्ली नुसता बारीक थवा दिसला तर होडी घालत नाही, पण सगळे तसं करत नाहीत हेही खरं.

पर्ससीनवाल्याचा_पोरगा
बारीक मासा आम्हालाही परवडत नाही हो. डिझेल तेवढंच जळतं, भाव पाव. पण शेजारच्या बोटीने घेतला की आमचा तांडेल, बोटीचा म्होरक्या, थांबत नाही. सगळ्यांना एकदम बंद करा, आम्ही पहिले थांबतो. हे मनापासून लिहितोय.

कांदळवन
महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे ना? त्याहून लहान पकडायचा नाही, विकायचा नाही, असं.

प्लवंग
हो. केरळात तारलीसाठी ती १० सेंटिमीटर आहे. आपल्याकडे आता नियम आहे, जेटीवर मोजपट्टी घेऊन उभा राहणारा माणूस कमी आहे.

मांदेलीप्रेमी
तारली एक वर्षाची की दोन, हे कळतं कसं? तिच्याकडे दाखला थोडाच असतो.

प्लवंग
असतो, डोक्यात असतो :) कानाच्या पोकळीत चुन्याचे ठळक दिसणारे दोन खडे असतात, तारलीत दोन-तीन मिलिमीटरचे. ते आयुष्यभर थराथराने वाढतात. घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरले की वलयं दिसतात, लहान पिल्लात तर रोजचं एक. पिल्लू कोणत्या आठवड्यात जन्मलं इथपर्यंत मागे जाता येतं. घरी बघायचा असेल तर शिजवलेल्या माशाचं डोकं मधोमध उभं फोडा, मेंदूच्या खाली मागच्या बाजूला पांढरा चकचकीत तुकडा मिळेल.

सुरंगी
इतकं वाचल्यावर राहवलं नाही. आज पुन्हा तारली आणली आणि साफ करताना नीट बघितलं. मोठ्यांपैकी एक हातभर नाही पण चांगली वीतभर होती. पोटात गाभोळी होती पण लोंबलेली, लालसर, रिकाम्या पिशव्यांसारखी नुसती कातडी. आतड्याभोवती पांढरं काही नाही. आतड्यात मात्र हिरवट तपकिरी लगदा भरलेला. वाट्यात दोन-तीन बोटाएवढ्या तारल्याही आल्या होत्या, त्यांच्यात गाभोळीचा पत्ताच नाही.

प्लवंग
ताई, एकदम बरोबर बघितलंत. लालसर, सैल म्हणजे अंडी घालून झाली. हिरवट लगदा म्हणजे डायटमवर ताव मारणं सुरू झालंय. ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा फोडून बघा, आतड्याच्या वेटोळ्यांमध्ये पांढऱ्या चरबीचे पट्टे दिसतील, तिथूनच ती भरायला लागते. त्या बोटाएवढ्या आहेत त्या याच पावसाळ्याच्या सुरुवातीला जन्मलेल्या.

कुरव
रापणीकाका सुरुवातीला म्हणाले पेडवे वेगळे. बाजारात सगळं एकाच टोपलीत असतं, ओळखायचे कसे?

रापणीचो_दोर
पेडवो चपटो आणि उंच, तारली लांबट आणि अंगान गोल. हातात घेतलंस की समाजता.

प्लवंग
काकांच्या हाताला समजतं, आपल्यासाठी खुणा: पेडव्याच्या पाठीवरच्या पराच्या बुडाशी पुढे गडद ठिपका असतो, तारलीला तो नसतो. तारलीचं डोकं लांब, कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या कडेला काळा डाग. तरी शंका असेल तर पोटाखालचा जोडीचा पर उघडून त्यातल्या काड्या मोजा. तारलीत नऊ, पेडव्यात आठ. पेडव्यात तारलीएवढं तेल कधीच भरत नाही.

वाटा_शंभरचा
उद्या बाजारात पराच्या काड्या मोजत उभा राहिलो तर मावशी कोयता फेकून मारतील. पण मोजणार.

सुरंगी
शेवटचं एक विचारते. दिवाळीत चांगली तारली मिळाली की जास्त घेऊन फ्रीझरमध्ये ठेवली तर चालेल का? गेल्या खेपेला मार्चमध्ये काढली तर खवट लागली.

तिखलं_आणि_भाकरी
जास्त दिवस नको. बोंबील सुकवतो तशी तारली सुकवून टिकत नाही, त्याचं कारण तेच, तेल हवेने खवट होतं. फ्रीझरमध्येही ते हळूहळू चालूच राहतं. साफ करून डब्यात लावा, मासे बुडेपर्यंत पाणी घाला आणि तसाच डबा गोठवा, म्हणजे हवा लागत नाही. तरी दीड-दोन महिन्यांत संपवा. संक्रांतीच्या पुढे ठेवू नका.